सुरम्याचा डोंगर आणि आईचा तंबू

कोक-बेलचं उन्हाळी कुरण,
घोड्यांना माश्या फार छळताहेत ते दिवस.

आदरणीय तोक्तोसुन मामांस,

उजवा हात छातीवर ठेवून भाचा एर्मेकचा सलाम. मामींनाही सलाम. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे, मामींची नवी कवळी बसली का, मोठ्या जावयाने शेवटी टॅक्सी विकली की अजून टॅक्सीच त्याला विकायला निघाली आहे, सगळं सविस्तर कळवा. इकडे सर्व उत्तम. मेंढरं उत्तम, घोडीच्या दुधाचा कुमिस यंदा असा जोरदार आंबलाय की पखालीचं तोंड उघडताना मान बाजूला करावी लागते. आईचे गुडघे (तिच्या मते) कायमचे गेलेत, पण त्याच गुडघ्यांवर ती रोज टेकडी चढून येते. थोडक्यात, काळजीचं काहीही कारण नाही. तरीपण मामा, हे पत्र बसून वाचा. जमल्यास गोळी घेतल्यावर वाचा.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. इथे रेंज फक्त कंपनीच्या ड्रिल मशीनजवळ येते. तिथे ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे बोललेलं ओशला तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी गावाला पोचतं. जर्दाळूचा ट्रक उद्या खाली जातोय, त्याच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतो आहे. पाकिटाला डाग दिसले तर ते जर्दाळूचे आहेत, अश्रूंचे नाहीत. (निदान सगळे नाहीत.)

तर मला नोकरी लागल्याचं तुम्हाला कळलंच असेल. शाळेत गाण्याच्या मास्तरची जागा रद्द झाली आणि त्याच सुमाराला कोक-बेलच्या डोंगरात सुरमा आहे म्हणून कंपनी आली. हा डोळ्यांत घालतात तोच सुरमा, पण आता म्हणे तो सौर पॅनेलच्या काचेत घालतात, काच नितळ होते आणि ऊन आरपार जातं. जगाला धुराशिवाय वीज मिळायची असेल तर सुरमा हवा, आणि तो नेमका आमच्या मेंढरांच्या पायाखाली. हे मी आईला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एवढा डोंगर फोडून कुणाच्या डोळ्यांत घालणार आहेत रे?" कंपनीने मला ‘दुवा’ म्हणून नेमलं. गाव आणि कंपनी यांच्यातला दुवा. नाव ऐकायला पवित्र वाटतं, पण काम बैलगाडीच्या दोराचं आहे. इकडूनही ताण, तिकडूनही ताण. गावातल्या निम्म्या लोकांना खाण हवी आहे, कारण त्यांची पोरं रशियात भिंतींना रंग लावतात आणि ती परत यावीत असं त्यांना वाटतं. उरलेल्यांना खाण नको, कारण कुरण जाईल आणि झरा नासेल. दोघांचंही मला पटतं. म्हणूनच दोघंही माझ्यावर चिडलेले असतात.

आता तुमच्या थोरल्या बहिणीकडे वळतो. कंपनीने पहिलं बोअर घ्यायच्या जागेवर लाल फडकं बांधलेली खुंटी ठोकली, आणि दुसऱ्या दिवशी आईने आपला लोकरीच्या नमद्याचा तंबू बरोबर त्या खुंटीवर उभारला. बरोबर म्हणजे, खुंटी चुलीशेजारी आली. त्यावर ती ओली फडकी वाळत घालायची. कंपनीचे डायरेक्टर इस्मानकुल साहेब (राजधानीचे आहेत, डोंगरातही टाय लावतात) मला म्हणाले, "मास्तर, त्या म्हातारीला लेखी सूचना द्या." ती म्हातारी कोण, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी सूचना घेऊन वर गेलो. आईने मला आधी कुमिस पाजला, मग तळलेले गरम बोरसोक खायला घातले, मग म्हणाली, चष्मा नाही, वाच. मी उभा राहून वाचली: सदर तंबूधारकाने तात्काळ जागा रिकामी करावी, अन्यथा वगैरे. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लहानपणी असाच स्पष्ट वाचायचास. आता ती चूल पेटव, शेण ओलं आहे, कागद कामी येईल." मी पेटवली, मामा. दुसरं काय करणार? तुम्ही तिचे धाकटे भाऊ आहात, तुम्ही काय केलं असतं ते मनात आणून पाहा.

मग साहेबांनी जिपारबाईंना वर पाठवलं. या आमच्या भूगर्भतज्ज्ञ. ओशच्याच आहेत, वय माझ्यापेक्षा थोडं कमी, नवऱ्यापासून केव्हाच्या वेगळ्या झाल्या आहेत आणि बारा महिने डोंगरात राहून आवाज मेंढपाळासारखा झालाय. सकाळी आईची समजूत काढायला गेल्या, त्या संध्याकाळी खिसे भरून कुरुत, म्हणजे दह्याचे वाळवलेले खारट गोळे, घेऊन आल्या. समजूत निघाली का, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाल्या, "माझी निघाली. त्यांची अजून बाकी आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी मीही सोबत गेलो. (दुवा म्हणून. दाढी केली होती, ती उन्हाळ्यामुळे.) तिथे आईने त्यांना सरळ विचारलं, "पोरी, खरं सांग. खाणीने झरा नासेल का?" मी डोळे मिटले. या प्रश्नाचं कंपनीचं छापील उत्तर मला तोंडपाठ होतं. जिपारबाई म्हणाल्या, "आई, मला माहीत नाही. बोअर घेतल्याशिवाय कळणार नाही."

आईने त्यांच्या वाडग्यात आणखी कुमिस ओतला. मग म्हणाली, "हपिसातून आलेल्या माणसाच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे मी पहिल्यांदा ऐकतेय." आणि मला म्हणाली, "बघतोस काय? तंबू सोडायला लाग."

तंबू थोडा वर सरकला, बोअर सुरू झालं. मशीन दिवसभर डोंगराच्या पोटात घरघरायचं आणि खडकाच्या लांब करड्या दांड्या बाहेर काढायचं. मी बाईंबरोबर तपासणीसाठी झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरायला जायचो. माझी विचित्र अवस्था झाली होती, मामा. सुरमा सापडला तर कुरण जाणार. नाही सापडला तर कंपनी गाशा गुंडाळणार, आणि कंपनीबरोबर इतर मंडळीही जाणार. (इतर मंडळी म्हणजे सर्वसाधारणपणे म्हणतो आहे.) रोज सकाळी मला एकच धास्ती असायची, आज निकाल लागतो की काय. आईचं मात्र वेगळंच चाललं होतं. जिने खुंटीवर तंबू ठोकला होता, तीच आता ड्रिलवाल्यांना सांगायची, "सावकाश चालू द्या रे, घाई काय आहे! पोरीला सगळा डोंगर नीट बघू दे." आणि असं म्हणून माझ्याकडे बघायची.

शेवटी निकाल लागला. सुरमा आहे, भरपूर आहे आणि चांगला आहे. पण झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या खडकाच्या अगदी लगत आहे, आणि त्याच खडकात सोमल आहे, जहाल विष. वरून उघडी खाण खोदली तर तो सोमल पाण्यात उतरणार. जिपारबाईंनी साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. साहेब म्हणाले, तुम्ही आता जनसुनावणीत काही बोलू नका. मग त्यांनी मला बोलावून खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, गावाचा तुमच्या चेहऱ्यावर विश्वास आहे. तुम्ही फक्त एवढंच वाचा की पाण्याला काहीही होणार नाही." माझ्या चेहऱ्यावर कुणाचा तरी विश्वास आहे हे मला तेव्हाच कळलं. माझा स्वतःचा तर कधीच नव्हता.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. बाहेर पुलावाची कढई चढली होती, त्यामुळे गर्दी चांगली होती. पहिल्या रांगेत आई, भिंतीशी जिपारबाई, हाताची घडी घालून खाली बघत. मी वाचायला उभा राहिलो. कंपनी रस्ता करेल, दवाखाना करेल, इथवर आवाज लागला. पुढे पाण्याचं वाक्य आलं आणि माझा आवाज गेला. गाण्याच्या मास्तरचा आवाज जावा, तोही भर सभेत! लोक चुळबुळायला लागले. मागून ट्रॅक्टरवाला माम्बेत ओरडला, "मास्तर, पाण्याचं काय ते बोला, नाहीतर पुलाव निवेल!" मी आईकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती. मी म्हणालो, "मला माहीत नाही. बाईंना माहीत आहे, त्यांना विचारा."

यात शौर्य बघू नका, मामा. गाव आता तसं बोलतं, पण मी केवळ अंगावरचं झटकलं होतं. मात्र जिपारबाई पुढे आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. सुरमा कुठे आहे, सोमल कुठे आहे, पाणी कुठून येतं. तेही अशा साध्या शब्दांत की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या काकांनीही मान डोलावली. मग जो गोंधळ झाला! माम्बेत रागाने लालबुंद झाला. "झरा पिऊन पोट भरतं का? माझा पोरगा तीन वर्षं घरी आला नाही!" बऱ्याच जणांनी माना हलवल्या, कारण तेही खरं होतं. मग आई उठली. "माम्बेत, तुझा पोरगा परत आला की त्याला पाणी कुठलं देशील?" माम्बेत खाली बसला. पण चिडून नाही, मामा, दमल्यासारखा बसला. ते बघून मला फार वाईट वाटलं. शेवटी जिपारबाईच म्हणाल्या, उत्तरेच्या अंगाने बोगदा काढला तर झरा वाचवता येईल. खर्च जास्त आहे आणि वेळही लागेल, पण करता येतं. गावाने ठरवलं: उघडी खाण नाही, बोगदा असेल तर बोलू.

त्याच संध्याकाळी साहेबांनी जिपारबाईंना कामावरून काढलं. मला काढलं नाही, मी काही बोललोच नव्हतो ना! आईने बाईंची बॅग उचलून सरळ आपल्या तंबूत नेऊन ठेवली. सकाळी मी राजीनामा द्यायला गेलो, तर साहेब टाय न लावता बसलेले. राजधानीच्या वरिष्ठांनी बोगद्याचं ऐकून विचारलं होतं की तो डोंगर माहीत असलेली तज्ज्ञ कुठे आहे. साहेब म्हणाले, "मास्तर, जा, त्यांना घेऊन या. तुम्ही दुवा आहात."

मी धावत वर गेलो. त्या कुमिस घुसळत बसल्या होत्या. मी निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, येईन, पण पाण्याची तपासणी दर महिन्याला गावासमोर झाली पाहिजे. मी हो म्हणालो. मग घुसळणं थांबवून त्यांनी विचारलं, "आणि मास्तर, तुम्ही इथवर धावत आलात ते कंपनीतर्फे की स्वतःतर्फे?"

मी म्हणालो, कंपनीतर्फे.

आईने पळी फेकून मारली. लागली नाही, पण लागायला हवी होती. बाई पुन्हा कामावर आल्या आहेत, उत्तरेकडचं बोअर सुरू आहे, आणि त्या माझ्याशी फक्त पाण्याच्या बाटल्यांविषयी बोलतात.

बाकी सर्व ठीक. मामींना जपा, आंबट खाऊ नका. मोठ्यांना मान, लहानांना माया.

तुमचाच भाचा,
एर्मेक

ता. क. मामा, खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो, वर सुचलं नाही. तुम्ही येऊ शकाल का? येताना मामींना आणि एक जोडी चांदीच्या डुलांची घेऊन या. वडीलधाऱ्याने येऊन रीतसर विचारल्याशिवाय आणि मुलीच्या कानात डूल घातल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि आमच्या घरात वडीलधारे आता तुम्हीच. मी स्वतः विचारलं तर तोंडून पुन्हा कंपनीचंच काहीतरी निघेल. बाई नाही म्हणतील का? आईला काही सांगू नका, आईला माहीत आहे.

आणखी एक. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात जिपारबाई तंबूत आल्या. कुणाला लिहिताय, म्हणाल्या. मी म्हटलं, मामांना, खाणीबद्दल. त्या म्हणाल्या, "मग खाली हेही लिहा. घाटातला पूल वाहून गेलाय, मामांना उत्तरेच्या वाटेने यायला सांगा. आणि डोंगराला मी इतकी भोकं पाडली, पण माझे कान टोचलेले नाहीत, हे त्यांना आधीच माहीत असलेलं बरं." एवढं बोलून बाहेर गेल्या.

मामा, याचा अर्थ काय धरायचा? मला काही कळत नाही. आई सुई तापवायला बसली आहे. लगेच निघा.