पाळण्याची लांब दोरी

४ जानेवारी, रविवार
निवीची वेणी घालताना उजव्या कानामागं हात थांबला. रुपयाएवढं गोल — केसच नाहीत! वर कोंड्यासारखा पांढरा पापुद्रा. कल्याणी बाळंतपणाला माहेरी, खानापूरला गेल्यापासून वेण्या माझ्याकडं. मच्छे गावच्या कारखान्यात मशीनचा पट्टा डोळे झाकून चढवतो, पण सात वर्षांच्या लेकीची वेणी काही केल्या सरळ येत नाही. आधी वाटलं, माझ्याच ओढाताणीनं केस गेले.

मंगलआक्काला दाखवलं. थोरली बहीण, तिला सगळं येतं! "चाई पडलीया रं. गुंज उगाळून लाव." लावली.

कल्याणीला सांगायचं नाही. दिवस भरत आलेत, उगाच जिवाला घोर.

१० जानेवारी
गुंजेनं नुसती आग. निवी रडली. मग मीपण.

१४ जानेवारी, संक्रांत
निवी तिळगूळ वाटायला जाईना. शाळेत शेजारची केतकी लांब सरकून बसली म्हणे. डोक्याला रुमाल बांधून दिला. "आप्पा, आईला फोनवर रुमाल दिसंल न्हवं?" आता फोन आला की कॅमेरा कपाळाच्या खालीच धरते. पोरगी माझ्यापेक्षा पक्की.

१७ जानेवारी, शनिवार
अनगोळच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. भिंगातून बघितलं, थोडं खरवडून तपासायला घेतलं. गुंजेचं ऐकून मला झापलं — निवीसमोर! मग एकदम विचारलं, "घरात वासरू आहे का?"

आहे की! कपिली. गणपतीत जन्मली. तोंडावर, डोळ्यांभोवती करड्या गोल चकत्या. आम्ही म्हणायचो, मोठी झाली की जातील. आणि निवी शाळेतून आली की दप्तरासकट तिच्या गळ्यात पडते, गालाला डोकं लावून पाढे म्हणते! वासराचा नायटा पोरीच्या डोक्यात. चाई नव्हेच. केसांच्या मुळाशी असतो, नुसत्या मलमानं जात नाही. मलम आहेच, पण पोटातून औषध हवं, तेही बरेच आठवडे. बरं दिसलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. केस येतील म्हणाल्या. बाहेर आल्यावर हे निवीला परत परत सांगत होतो, खरं तर स्वतःलाच.

वासरालाही औषध हवं. निवीची अट — आधी कपिलीला!

२० जानेवारी
मुलगा झाला! दोघंही सुखरूप. निवी गोठ्याकडं धावली, दारातच थांबली. तिथूनच ओरडली, "कपिले, भाऊ झाला गं मला!"

२७ जानेवारी
बारशाचा दिवस ठरला, येत्या रविवारी खानापूरला. आक्का म्हणते, "पोरीला हितंच ठेव. तान्ह्या बाळाला लागलं म्हंजे?" डॉक्टरीणबाईंना फोन केला. "बाळाला मांडीवर घेणं अजून थोडं थांबवा. टॉवेल, उशी वेगळी ठेवा. पण जाऊ दे की तिला!" शेजारी उभ्या निवीनं पहिलंच वाक्य धरलं. जेवली नाही.

तिला चार महिने एकच ध्यास होता. बाळाला मांडीवर घ्यायचं.

३१ जानेवारी, शनिवार
पिशवी भरत होतो. निवी अंगणातनं वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आली. कपडे सगळे खाली! ओरडणार होतो.

"आप्पा, ही पाळण्याला बांधा. लई लांब हाय. मी दारातनं हलवीन. मी हाय म्हणून बाळाला कळणार पण न्हाय."

तोंड धुवायला गेलो. बराच वेळ धुतलं. मग दोरीची नीट घडी करून पिशवीत ठेवली.

१ फेब्रुवारी, रविवार
कल्याणीनं पिशवीतली दोरी बघितली. "ही कशाला?" मी काही बोलायच्या आत निवीनं रुमाल सोडला.

कल्याणीनं तो डाग निरखून बघितला. मग तिनं हिरवा चुडा वर सरकवला. मनगटावर गोल, लालसर चट्टा! "गाईची धार काढताना कपिली हितंच गाल घासायची. बाळ काढून घेतील म्हणून कुणाला बोलले न्हाय — तुम्हाला बी न्हाय."

बारसं थांबलंय. पाळणा सासूबाई हलवताहेत. या दोघी अंगणात उन्हाला बसून एकमेकींना मलम लावताहेत.