पळणारा वायू

४ ऑगस्ट, कॉन्सेप्सिओन

वाळवंटातल्या दुर्बिणींचा डेटा आला! आमची ती धुळीने माखलेली, इन्फ्रारेडमध्ये पेटलेली आकाशगंगा. माझ्या प्राध्यापक, प्रोफे एलियाना, अकरा वर्षं सांगतायत, तिच्या पोटातून वायू सेकंदाला चारशे किलोमीटरने बाहेर पळतोय. त्याची खूण, म्हणजे वर्णपटातल्या मोठ्या रेषेला चिकटलेला उंचवटा, त्यांनीच शोधली. लोकांनी कधी नीट मानलं नाही. आता पुरावा काढायचा मी.

"यास्ना, सोपाइपिया खात बसू नकोस, आधी वर्णपट काढ!" प्रोफेंचा डायलिसिसच्या खुर्चीवरून फोन! काय बाई आहे.

७ ऑगस्ट

उंचवटा आहे. अगदी स्वच्छ. पण यंदा पहिल्यांदाच कार्बन मोनॉक्साइडची रेषाही मिळाली — तिला मात्र उंचवटाच नाही. वायू खरंच पळत असता तर तिथेही दिसला असता. सपाट!

८ ऑगस्ट

लागला पत्ता. मेले मी!

उंचवटा पळणाऱ्या वायूचा नाहीच. ती दुसऱ्याच रेणूची रेषा — तापलेल्या हायड्रोजन सायनाइडची. नेमकी तिथेच पडते, आणि आम्ही तिला मोठ्या रेषेचं शेपूट समजलो. वायू जागच्या जागी उकडत बसलाय. अकरा वर्षं!

शेजारच्या टेबलावरचा रेनातो म्हणतो, "म्हातारीला तूच सांग. लाडकी शिष्या ना तू!" मेला.

९ ऑगस्ट

दिवसभर रडले. आकडे तेच.

१२ ऑगस्ट

प्रोफेंना जंतुसंसर्ग झाला म्हणून इस्पितळात ठेवलंय. आज गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. हात म्हणजे नुसती हाडं. मला बघून उठायला लागल्या.

"बोल पटकन. पळतोय का गं?"

"पळतोय, प्रोफे."

जीभच तशी वळली! त्यांनी माझा हात घट्ट धरला, डोळे पुसले. नर्सला ओरडून सांगितलं, "ऐकलंस? माझा वायू पळतोय!" ती बिचारी घाबरून ऑक्सिजनची नळी तपासायला धावली. प्रोफे हसल्या. कितीतरी महिन्यांनी.

खोटारडी आहे मी. लाज वाटते. पण तो चेहरा बघून कुणाचं धाडस झालं असतं? घरी आल्या की सांगेन. तोवर पेपर कुठेही पाठवणार नाही.

१६ ऑगस्ट

प्रोफेंच्या मुलाचा, लाउतारोचा फोन. आईने काल डायलिसिस बंद करायच्या कागदावर सही केली. "म्हणाली, या निकालासाठीच तग धरला होता. आता बास. तुमचे आभार मानायला सांगितलेत."

मी "बरं" म्हणाले.