मावशींसाठी वेगळं पातेलं

आई, केळी काळी पडलेली दिसली आणि तुझी आठवण झाली, असं लिहिणार होते; पण ते पूर्ण खरं नाही. आठवण रोजच येते. लिहायचं धैर्य तेवढं आज झालं.

ते जुनं वर्ष अजून डोळ्यांसमोर आहे. भिंगारच्या आपल्या दोन खोल्या. लढाई संपली तरी साखर अजून रेशनवरच. नाताळच्या सुट्टीत मी कॉलेजातून घरी आले आहे आणि तू मडमबाईंच्या बंगल्यावर शिकलेला केळ्याचा केक करते आहेस. त्या त्याला ब्रेड म्हणायच्या. "पावात केळं घालतं व्हय कुनी?" म्हणत तू त्याला केकच ठरवून टाकलंस. मोठ्या पातेल्यात वाळू, आत लहान पातेलं, झाकणावर निखारे. केक गल्लीभर वाटायचा, फक्त समोरच्या माळकरी मावशींकडे नुसती केळी जायची. आपण ख्रिस्ती होण्याआधी कोण होतो ते गल्लीला ठाऊक होतं. आपल्या घरचं शिजवलेलं त्या घेत नसत. त्या वर्षी मात्र त्या दारात येऊन म्हणाल्या, "अंडं तेवढं नगं घालू बाई. बाकी तुज्या हातचं खाते मी आता. लई वर्सं केला येडेपना." तू म्हणालीस, "तुमचं पातेलंच येगळं ठिवते." आणि आत येऊन ते पातेलं राखेने तीनदा घासलंस.

ढवळायचं काम माझं. एका भांड्यात अंडी, दुसऱ्यात त्यांच्याऐवजी दही. केळ्याच्या गुठळ्या मोडता मोडता अंड्याच्या भांड्यातला डाव न धुता तसाच दह्याच्या भांड्यात गेला. दोन वेढे फिरला असेल. तू निखारे घेऊन आत आलीस. "डाव येगळा घेतलास न्हवं?" मी म्हटलं, "हो." साखर संपली होती, पुन्हा करणं शक्य नव्हतं, हे कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला दिलं. पण त्या क्षणी मनात साखर नव्हती. आपल्या हातचं खायला यांना इतकी वर्षं लागली, मग एवढ्याशा अंड्याने काय होतंय, असं काहीसं होतं. तो शिकल्याचा ताठा होता की तुझ्या वतीने धरलेला राग, हे मला अजून ठरवता येत नाही.

मावशींनी तुझ्याच ओट्यावर बसून केक खाल्ला. "बाई, ह्यो तर लोन्यावानी मऊ! तुज्या मडमेला तरी जमतो का असा?" "तिचा? दगुड व्हतो," तू म्हणालीस, आणि दोघी अशा हसलात की मला आत जावंसं वाटलं. तुझ्या शेवटच्या आजारात तुला पेज भरवायला त्याच यायच्या.

आता केक मी करते आणि अंड्याचा डाव वेगळ्या फळीवर ठेवते. मावशींचे दात गेले, केक चालतो. सांगायचंच असं ठरवून आज सकाळी त्यांच्याकडे गेले. केक बघून, मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुज्या आईनं कंदी फशिवलं न्हाई मला." मी बशी ठेवून न सांगताच परत आले.

हे पत्र डायरीतच राहील. ज्यांना हे सांगायला हवं त्या समोर ऊन खात बसल्या आहेत, इथून दिसतात. तुला लिहिलं, कारण तू उठून त्यांना सांगायला जाणार नाहीस.