रंगखात्यामागचा खड्डा

३ मार्च, सोमवार
यादी लागली! हिचं नाव सातवं – शिवणविभाग, पहिली शेड. गाड्यांचा कारखाना बंद पडला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घर हिच्या शिवणावर चाललंय आणि मी घरात बसून. आता त्या जागेवर छोटे कारखाने येणार, आधी आसपासच्यांना काम. ही दिवसभर उगाचच हसत होती. मग मीही.

५ मार्च, बुधवार
सभागृहात नकाशा लावलाय. दोघं बघून आलो. पहिली शेड बरोबर आमच्या रंगखात्यावर. ही कितीतरी वेळ तिथे बोट ठेवून उभी. मी बघत होतो मागचा हिरवा चौकोन. पाळणाघर, मुलांचं मैदान.

तिथे तर मामा आहे!

मामा म्हणजे आमचा खड्डा. गाड्यांवर रंग फवारायच्या बंदुका धुतलेलं थिनर खरं तर पिंपात भरायचं. पण पिंप पार गेटजवळ, आणि आम्हाला शिफ्ट सुटायची घाई. मग ओत मागच्या खड्ड्यात! कधी नाही म्हणायचा नाही, म्हणून मामा. चौदा वर्षं ओतलं. नंतर वर काँक्रीट पडलं. कुठल्याच कागदावर त्याचा पत्ता नाही. स्वतःला काय शहाणे समजायचो – घरी येऊन कौतुकाने सांगायचो.

६ मार्च, गुरुवार
जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणालो. ही दुपारी कुठेतरी जाऊन आली. विचारलंही नाही.

८ मार्च, शनिवार
रेडिओला गाठलं. माझा रंगखात्यातला जोडीदार, तोंड कधी बंद नसतं. आज मात्र आवाज एकदम बारीक. म्हणाला, माती तपासायला घेतली की पहिली शेड वर्षभर लटकली, यादी गेली उडत. आणि ओतलं कोणी, तेही विचारतीलच. "वहिनींच्या तोंडचा घास काढणार आहेस का?"

घरी आलो तर ही मशीनला तेल घालत होती. म्हणाली, हे जुनंच अजून बरं चालतंय. मी हूं केलं.

९ मार्च
काही नाही. कपाट आवरलं.

११ मार्च, मंगळवार
पोरं माती तोंडात घालणारच. किती दिवस डोळे मिटून बसू? लाज वाटते. उद्या जाणार. हिला सांगायची हिंमत नाही. आधी सांगून येतो, मग काय बोलायचं ते बोलू दे. तिचा हक्कच आहे.

१२ मार्च
साइटवरच्या इंजिनीअर बाईंना सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. त्यांनी नकाशा उलगडला. त्या जागी लाल गोल आधीच काढलेला!

"तुम्ही स्वतः आलात म्हणून बोलते. गुरुवारी तुमच्या मिसेस येऊन हेच सांगून गेल्या. एवढंच म्हणाल्या, नवऱ्याला इतक्यात कळू देऊ नका – माझ्या नोकरीचा त्यांना फार आनंद झालाय."