आवाज न करता थापलेली भाकरी

आबा,

ती कादंबरी मला सापडली. जमीनदाराच्या बायकोची, जी तुम्ही अर्ध्यावर मिटलीत आणि वाचनालयात परत ठेवून आलात, तीच. सांगलीला हळद घेऊन गेलो होतो. सौद्याला अजून वेळ होता म्हणून बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जुन्या पुस्तकवाल्याकडे सावलीला उभा राहिलो आणि ढिगाच्या कडेला ती दिसली. मुखपृष्ठ वेगळं होतं. आपल्या गावच्या प्रतीवर पदर घेतलेली बाई होती, ती यावर नव्हती. पण पहिलं वाक्य वाचलं आणि ते तुमच्या आवाजात ऐकू आलं, तेव्हा खात्री पटली.

तुम्हाला जाऊन आता वीसहून जास्त वर्षं झाली. तरी गावात तुमची आठवण निघते ती पलटणीवरून नाही आणि उसावरूनही नाही, तुमच्या वाचनावरून निघते. हवालदारांसारखं वाचणारा पुन्हा झाला नाही असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. दिवे लागले की तुम्ही सोप्यात घोंगडी अंथरायचात, पाय धुऊन, चष्मा सदऱ्याला पुसून बसायचात. शेजारचे नाना घोंगडीवर तुमच्या बरोबरीनं, भावकीतले बाकीचे भिंतीला टेकून, आणि शेतावरचे गडी खाली अंगणात, मातीवर. बायका मागच्या दारानं येऊन आईपाशी चुलीजवळ बसायच्या. कुणी कुठं बसायचं हे कधी कुणाला सांगावं लागलं नाही. तुम्ही वाचायचात ते मात्र नेमकं याच्याविरुद्धचं असायचं. पुस्तकातला मालक गड्याला पायरीखाली उभा करतो, ताटाऐवजी फुटक्या परळात वाढतो, हे वाचताना तुमचा आवाज कापायला लागायचा. अंगणातले गडी डोळे पुसायचे, घोंगडीवरचे नानाही पुसायचे. तुम्ही चष्मा काढून म्हणायचात, "माणसानं माणसाला असं वागवू नये रं." सगळे माना हलवायचे, आणि घोंगडी होती तिथंच आणि तेवढीच राहायची. जरा सरकून कुणाला वर घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. त्या वयात माझ्याही आलं नाही. मला वाटायचं, आपल्या आबांइतका दयाळू माणूस पंचक्रोशीत नाही.

स्वयंपाकघराचं दार सोप्यातच उघडत होतं. तुमची वाचायची वेळ आणि आईची भाकरी थापायची वेळ एकच. पहिल्या पहिल्यांदा तुम्ही वाचता वाचता थांबून नुसतं म्हणायचात, "आवाज!" तेवढ्यावर आतली थापटी बंद पडायची. पण माणसं जेवायची होती, भाकरी तर करायलाच हवी होती. मग आईनं आवाज न करता भाकरी करायची रीत स्वतःच काढली. पीठ परातीत ठेवून ती तळहातानं थापत नसे, बोटांच्या पेरांनी दाबत दाबत गोल फिरवायची. अशी भाकरी मधे पातळ आणि काठाला जाड होते. कडेला ती कच्ची राहते. आणि मग जेवायला बसल्यावर तुम्ही काठ मोडून ताटाच्या बाहेर ठेवायचात आणि म्हणायचात, "इतकी वर्सं झाली, अजून भाकरी जमत न्हाई. माणात शिकीवलं न्हाई व्हय काय आईनं?" आई ते काठ गोळा करून न्यायची. तुमच्या वाचनामुळं भाकरी जाड होते, हे एक वाक्य तिनं तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी ते वाक्य आज लिहितो आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही.

माण हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरायचात. आई तिकडच्या कोरड्या मुलखातली, चार मेंढरं आणि पावसावरची बाजरी असलेल्या घरातली. आपल्याकडे पाट होता, ऊस होता, पेन्शन होती. तुम्ही हुंडा न घेता तिला करून आणली, हे तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, ती पाणी द्यायला बाहेर आलेली असताना सांगायचात. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण कुणावर उपकार केलेत हे त्याच्या देखत दुसऱ्यांना सांगायचं असतं का, असं मला आता, माझ्या मुलीचं लग्न ठरवायच्या वयात, वाटतं.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. कादंबरी ऐन रंगात आहे. गरिबाघरची मुलगी जमीनदाराच्या घरात दिलेली. तिनं न विचारता गड्याच्या बायकोला ज्वारी दिली म्हणून नवऱ्यानं सगळ्यांसमोर तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या आहेत. ती एका धडप्यात दोन लुगडी बांधते आणि नदी ओलांडून माहेरच्या वाटेला लागते. तुमचा आवाज इतका हळू झाला आहे की अंगणातले गडी पायरीपर्यंत सरकले आहेत. आतूनही काही आवाज नाही. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून आई बोलली.

"म्हायेरी न्हाई जायाची ती."

तुम्ही मान वर केलीत. नानांनी विचारलं, "काय म्हंता वैनी?"

"म्हायेरी कुठं जाती? बा गरीब म्हनूनच हितं दिली नव्हं? त्यो दारात उभी करंल का तिला? ज्यानं लिवलंय, त्यानं कवा कुना बाईला इचारलं न्हाई."

आतल्या बायका हसल्या. नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "आवं हवालदार, परीक्षक तर घरातच हाय की! आपन उगंच हितं बसलोय. चला रं, चुलीपाशी बसू." मग भिंतीकडचे हसले, आणि शेवटी अंगणातले गडीही हसले. मला वाटतं, नानांचं हसणं तुम्ही सोसलं असतं. गड्यांचं तुम्हाला सोसलं नाही. तुम्ही पुस्तक मिटलंत. खूणही घातली नाहीत. "दुष्काळातनं आनली, पान्यात ठिवली, आता मला शिकीवती," एवढं तुम्ही हळूच म्हणालात, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ज्यांना जास्ती कळतंय त्यांनीच सांगावा शेवट." आणि उठलात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुस्तक वाचनालयात गेलं. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडंच असायची, त्यामुळं ते पुन्हा कुणाच्या हाती लागलं नाही. नानांनी दोनदा विषय काढून पाहिला. तुम्ही म्हणालात, आता कादंबऱ्या पुरे, माणसं बिघडतात. त्यानंतर आपल्या सोप्यात फक्त पोथी वाचली गेली. पोथीत कुणी मधे बोलत नाही. पुढं बायका आडावर आईला बोलायच्या, "तुझ्या जिभंपायी गोष्ट गेली गं बाई आमची." पुस्तक कुलपात कुणी घातलं हे माहीत असूनही एकही तुमच्याकडं बोट दाखवत नव्हती. आई कळशी भरून घेऊन यायची. तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मी टाळत आलो. आईच्या जागी कुणी असतं तर काय केलं असतं, हा प्रश्न तर आपल्या गावात कुणालाच पडला नाही.

मी देव मानणारा माणूस आहे. तुमच्यामुळंच झालो. तुम्ही गेल्यावर श्रावणातली देवळातली पोथी माझ्याकडं आली, आणि ती मी एक दिवसही चुकवलेली नाही. गेल्या श्रावणात वाचून घरी आलो तर आई पायरीवर बसली होती. देवळातला कर्णा आपल्या दारात ऐकू येतो. म्हणाली, "अगदी त्यांच्यावानी वाचतोस." मला बरं वाटलं, खोटं का सांगू. म्हाताऱ्या माणसांकडून हे मी आधीही ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मला बरंच वाटलं होतं. मग ती म्हणाली, "त्या बाईचं पुढं काय झालं रं?"

"कुठल्या बाईचं?"

"किल्ल्यावालीचं."

इतक्या वर्षांनी. मी वाचनालयात गेलो. ते कधीच बंद पडलंय, पुस्तकं शाळेच्या एका खोलीत वाळवीनं खाल्ली आहेत. रहिमतपुरात विचारलं, कोरेगावात विचारलं. लोकांना नावही आठवेना. आईची नजर गेली आहे, दम लागतो, आणि ती दुसरं काहीच मागत नाही. ना साडी, ना देवदर्शन. हे एकच मागितलं, तेही मिळालं नाही तर कसं होणार, म्हणून मी वर्षभर झुरत होतो. म्हणून त्या दिवशी सांगलीत ते पुस्तक हातात आलं तेव्हा हळदीचा भाव काय लागला याकडं माझं लक्षही नव्हतं. परत येताना टेंपोतच शेवट वाचून काढला. तुम्हाला तो माहीतच असेल. तुम्ही आधी पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय कधी लोकांपुढं बसत नव्हतात. म्हणजे तुम्हाला शेवट माहीत होता, आणि तो तुम्ही तिला आयुष्यभर सांगितला नाहीत. एका छपराखाली, एका चुलीवरचं खाऊन.

परवा संध्याकाळी आईला सोप्यात आणून बसवलं. ती लसूण सोलत होती, तिचे हात रिकामे राहत नाहीत. जिथं राहिलं होतं तिथून वाचायला सुरुवात केली. बाई नदी ओलांडते, माहेरच्या दारात येते, बाप धावत येऊन तिला पोटाशी धरतो. आई लसूण सोलत सोलतच म्हणाली, "हूं." मी पुढं वाचत राहिलो. जरा वेळानं ती म्हणाली, "थांब. असं नगं वाचू."

"कसं?"

"त्यांच्यावानी. तिथं कापरा आवाज लावू नगंस. सादं बोल की रं."

मी पुन्हा वाचलं. ती मान हलवायला लागली. मी पाणी प्यायलो, घसा खाकरला, आणि जसं बाजारात बोलतो तसं वाचायचं ठरवून सुरुवात केली. दोन ओळी गेल्या आणि तिसरीला तुमचा आवाज आला. आबा, मी चार वेळा प्रयत्न केला. माझ्याकडं वाचायला दुसरा आवाजच नाही.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. मी म्हटलं, शेवट नुसता तोंडी सांगतो. नवरा आजारी पडतो, त्याला पश्चात्ताप होतो, तो तिला न्यायला येतो, किल्ल्या तिच्या हातात देतो आणि ती त्याच्या पायावर डोकं ठेवते. आई हसली. अगदी मोठ्यानं हसली, लसणाची टरफलं मांडीवरून उडाली. "लेका, मला ठावं हाय काय झालं ते. ती कुठंबी गेली न्हाई. त्याच घरात ऱ्हायली. मग त्यो म्हातारा झाला आन् त्याची वाचा गेली. खाटंवर पडून कपाटाकडं हात करायचा. आन् ही इचारायची, पानी पायजे का?"

तुमचं शेवटचं वर्ष मी पाहिलं आहे. अर्धांगाचा झटका येऊन तुमची उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुपारी तुम्ही डावा हात उचलून पोथीच्या कपाटाकडं करायचात, घशातून आवाज काढायचात. आई विचारायची, पाणी हवं का. तुम्ही मान हलवायचात. ऊन लागतंय का म्हणून ती खाट सरकवायची. मग पुन्हा पाणी. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती पदरानं पुसायची. येणारे जाणारे म्हणायचे, काय सेवा करते माउली. मला वाटायचं, तिला कळत नाही. मी उसात असायचो, आणि कुणी वाचून दाखवावं असं तुम्हाला वाटतंय हे मला सुचलंही नाही.

"आई, तुला कळत होतं?"

"भाकरी थापती म्हनून काय येडी हाय व्हय मी?" असं म्हणून तिनं सोललेला लसूण वाटीत टाकला. मग म्हणाली, "भरवलं मी त्यांना. उपाशी न्हाई ठिवलं. पाठीला जखम हुऊ दिली न्हाई. त्येवढं एक न्हाई केलं."

तिच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. तुमच्यावर रागावून तर आयुष्य गेलं, तो रागही आता उरला नाही, नुसती तोंडाची चव गेली आहे. दोघांच्या हाती देण्यासारखं काहीतरी होतं. तुमच्याकडं ते लोकांसमोर होतं आणि तीस वर्षं होतं, तिच्याकडं एक वर्ष आलं आणि तेही कुणाला दिसलं नाही. ही बरोबरी झाली असं मी म्हणणार नाही. देवाला काय वाटतं ते मी देवळात विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही, किंवा आलं असेल तर पोथीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

हे तुमच्या तसबिरीमागं ठेवावं असं मनात होतं. पण ती तसबीर रोज सकाळी आई हातानं चाचपून पुसते, कागद तिच्या हाताला लागेल. म्हणून ट्रंकेत, माझ्या कपड्यांखाली राहील.

एक सांगायचं राहिलं. मी हे सोप्यात बसून लिहितो आहे, तुमच्याच जागेवर. आत तुमची सून भाकऱ्या करते आहे. ती दणादण थापते, भिंतीला ऐकू जाईल अशी, आणि तिच्या भाकऱ्या पातळ होतात. मघाशी मला एक वाक्य सुचत नव्हतं, थापटी चालूच होती, आणि माझ्या तोंडात तुमचा तो शब्द आला, "आवाज!". मी तो बोललो नाही, पण आतली थापटी मात्र थांबली. मी नुसती मान वर केली होती.