अळणी पोपटी

बोर्ली पंचतन,
दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. सोनाताई हिस,
धाकट्या कमळचा सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी येसूबाईने मासळीच्या पाटीतून आणून दिली. कागदाला बोंबलाचा वास होता, तरी दोनदा वाचली. बरी आहेस ना, असं विचारतेस. बरी नाही. तुला खोटं कशाला लिहू?

भात कापून, झोडून झालं. प्रणय उलव्याहून रजा काढून आला, माणसं लावली, पोती रचली आणि गेला. तो होता तोवर दोन वेळा चूल पेटली. आता चहापावावर भागवते. भात टाकायला गेलं की हात दोघांचेच तांदूळ घेतो, म्हणून टाकतच नाही. प्रणय म्हणतो, आई, उलव्याला चल. तिथे सातव्या मजल्यावर बसून मी काय करू? इथे निदान प्रणयच्या बाबांचा टेम्पो दारात दिसतो. आषाढात त्यातून खताची पोती उतरवता उतरवता ते खाली बसले, ते बसलेच. टेम्पो तेव्हापासून हलवलेला नाही. कोंबड्या त्याच्याखाली अंडी घालतात.

आता एक सांगते, ते पोटात ठेव. बीपीच्या गोळ्या मी पितृपक्षापासून घेत नाही. विसरत नाही, मुद्दाम घेत नाही. ताई, मला पुरे झालं. जीव द्यायचा धीर नाही आणि जगायची हौस नाही. तो आपला आपण जात असेल तर मी आडवी येणार नाही. प्रणयला यातलं काही सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.

तू फोन करत नाहीस याचा राग नाही. एका खोलीच्या घरात भावोजींच्या कानावर सगळं जाणार. त्यांना सांभाळ.

कळावे. लोभ होता तेवढा पुरे, आता वाढवून मी तो ठेवू कुठे?

तुझी,
कमळ

---

आगरदांडा,
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. कमळ हिस,
सोनाताईचे अनेक आशीर्वाद. ‘सौ.’ लिहायला हात गेला होता, मागे घेतला.

तुझं पत्र न्हाणीत जाऊन वाचलं. तिथेच तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले आणि मग तुला मनसोक्त शिव्या घातल्या. दोन्ही तुला पोचलं असं समज.

मधे एक खाडी. आमच्या धक्क्यावरून तुमच्या दिघीचा धक्का दिसतो, आणि मला तुझ्याकडे येता येत नाही. चैत्रात यांचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून कूस बदलायलाही मी लागते. हिरामणच्या दहाव्याला आले तीही बँकेत जाते असं सांगून. आणि तुला ये म्हणता येत नाही, कारण तुझं कपाळ पाहिलं की यांना वेगळं सांगावं लागणार नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. मी आपलं तोंडाला आलं ते बोलून गेले, हिरामण उलव्याला प्रणयकडे गेलाय, टेम्पोचं काम मिळालंय. आता रोज त्या खोट्याला नवं शेपूट जोडते. दोघे साडू, पण सख्ख्या भावांहून जवळचे. हे रोज विचारतात आणि मी रोज उत्तर देते.

तर आता थोरली म्हणून सांगते, ऐक. घराबाहेर पड. गावातल्या प्रणालीकडे शिवण शिकायला जा. बचतगटात पापड लाटायला बस. सोमवारी भजनाला जा. आणि वाल पेर. भात निघालं की ओल उडायच्या आत वाल पडायला हवेत, हे तुला मी सांगायला नको. गोळी घे. तुझी शपथ मी पाळीन, पण किती दिवस ते सांगत नाही.

कळावे. लोभ पुष्कळ आहे, गोळी घेतलीस तर दुप्पट करीन.

तुझी,
सोनाताई

---

बोर्ली पंचतन,
दि. ८ डिसेंबर २०२४

ती. सोनाताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं केलं, अहवाल घे.

बचतगटात गेले. मी आत शिरले तशा साऱ्या गप्प झाल्या. दारात हसण्याचा आवाज ऐकला होता, तो कुठे गेला कळेना. एकीने पाट दिला, दुसरीने पाणी दिलं, आणि मग पापड लाटताना कुणी कुणाशी बोलेना. दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्यांना तरी मोकळं हसू दे. भजनात बसले, तर बायांनी माझ्याकडे बघत बघत सगळे वैराग्याचे अभंग काढले. देह नाशिवंत आहे हे मला कुणी गाऊन सांगायला हवं होतं का? प्रणालीने मशीनवर बसवलं. उशीच्या अभ्र्याबरोबर माझ्याच पदराचं टोक शिवून टाकलं. ती पोरगी हसू दाबत होती, मीही हसले असते, पण हसू घशापर्यंत येऊन परत गेलं.

वालाचं म्हणशील, तर ते पेरले नाहीत, टाकून दिले. प्रणयच्या बाबांनी बी राखेत घालून मडक्यात ठेवलं होतं. त्याला भुंगा लागताना दिसला. फेकून द्यायला म्हणून शेतात गेले आणि एकाच खाचरात सगळं मडकं रिकामं केलं. ते असते तर ओरडले असते, एवढं दाट कोण पेरतं म्हणून. आता बघावं तर सगळं उगवून आलं आहे. येसूबाई बांधावर उभी राहून म्हणाली, बाय, वालाला काय ठावं, कोन गेला न् कोन हाय.

गोळीचं विचारू नकोस.

कळावे. तुझा लोभ मला कळतो, पण तो अंगाला लागत नाही.

तुझी,
कमळ

---

आगरदांडा,
दि. ३ जानेवारी २०२५

चि. कमळ हिस,
अनेक आशीर्वाद.

आज मी तुला समजावायला लिहीत नाही. मला समजावायला कोणी नाही, म्हणून लिहिते.

यांनी जेवण सोडलं आहे. पेज भरवली तर ओठ मिटून घेतात. आठ दिवस झाले, दिवसाकाठी वाटीभर दूधपाणी घेतील तेवढंच. डॉक्टर आले, नळी घालायला अलिबागला न्या म्हणाले. यांनी डाव्या हाताने खाटेची दांडी धरून ठेवली, सोडेनात. शब्द अर्धेच येतात यांना, पण एक शब्द पुरा येतो. पोपटी. थंडी पडली, वाल भरले असतील, हिरामण मडकं घेऊन येईल, मग जेवतो. एवढंच धरून बसले आहेत.

तुला आठवतं ना? हिरामण शेतात पोपटी लावायचा आणि गरम मडकं गोणपाटात गुंडाळून फेरीबोटीने इथवर आणायचा. दारातूनच भांबुर्डीच्या पाल्याचा वास यायचा. हे पहिली शेंग तोंडात घातली की म्हणायचे, हिरामण, मीठ काय सासऱ्याच्या घरून आणायचं असतं काय, यंदाही अळणीच. तो म्हणायचा, ज्याला जास्त पाहिजे त्याने खाडीत बुडवून खावी. दर वर्षी तेच, आणि दर वर्षी दोघे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

कमळ, एक लिहिते, मग हवं तर माझं तोंड बघू नकोस. मला कधी कधी तुझा हेवा वाटतो. तुझं एकदाच झालं. माझं रोज थोडं थोडं होतंय आणि मला रोज हसून विचारावं लागतं, आज काय खाणार. मी थकले गं.

म्हणून मागते. एक दिवस टिकली लाव, हातात चार बांगड्या घाल आणि पोपटी घेऊन ये. हिरामणने पाठवली म्हणून सांग. एकच दिवस. मी तुझ्या पाया पडते.

लोभ ठेव असं म्हणायलाही आज तोंड नाही.

तुझी,
सोनाताई

---

बोर्ली पंचतन,
दि. ७ जानेवारी २०२५

ती. सोनाताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे गोळा करून डब्यात ठेवले.

टिकली लावणार नाही. माझ्या बांगड्या फुटल्या तेव्हा तू माझा हात धरला होतास, आणि आता तूच त्या भर म्हणतेस? एक दिवस लावायची, आणि परतताना बोटीत बसून पुसायची, म्हणजे मी त्यांना दुसऱ्यांदा पोचवायचं. ते मला जमणार नाही. आणि हेवा कर हवा तेवढा. तुला निदान विचारायला समोर माणूस आहे.

शेंगा अजून कोवळ्या आहेत. भरल्या की पोपटी मी लावते. येसूबाईच्या हाती पाठवीन. तोवर त्यांना काय वाटेल ते सांग, पण जगव.

कमळ

---

बोर्ली पंचतन,
दि. २८ जानेवारी २०२५

ती. सोनाताई हिस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात लोभाचं काही लिहिलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. हे पत्र मडक्यासोबत येत आहे. आधी मडकं उतरव, मग वाच.

आपल्याकडे पोपटी पुरुषांनीच लावायची. बायांनी शेंगा तोडायच्या, पाला आणायचा आणि बांधावर बसून वाट बघायची. इतकी वर्षं बघितली, म्हणून वाटलं येत असेल. परवा पहिली लावली. मडक्यात तळाला पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, तोंडाशी पुन्हा पाला गच्च, मडकं उपडं आणि भोवती पेंढ्याचा जाळ. हे सगळं बरोबर केलं. झाली का हे बघायला वरून पाणी मारतात, चर्र होऊन लगेच सुकलं की झाली. मी भरला तांब्या ओतला. मडकं मधोमध फुटलं. बोटाने शिंतोडे मारायचे असतात, हे इतक्या लांबून कधी दिसलंच नव्हतं.

शेजारचा विपुल धावत आला. म्हणाला, काकी, ह्ये बायकांचं काम न्हाय, मी लावून देतो. पोराने चांगल्या मनानेच म्हटलं, पण मला असा राग आला की पायाखालची जमीन बऱ्याच दिवसांनी खरी वाटली. त्याला म्हटलं, पेंढा आणून दे आणि लांब बस.

मडकं फुटलं तिथे बसून खूप रडले. शेतात मोठ्याने रडता येतं, घरात येत नाही. मग जाळात होरपळलेल्या शेंगा वेचून खाल्ल्या. अर्ध्या कच्च्या होत्या. भूक लागली होती, ताई. कधीपासून लागली होती कोण जाणे.

आज दुसरी लावली ती साधली. मीठ मात्र यंदा जातीने बघून, पुरेसं घातलं आहे. इतकी वर्षं भावोजी तक्रार करत आले, एकदा तरी त्यांच्या मनासारखी होऊ दे.

कळावे. लोभ गरम आहे तोवर खाऊन घ्या.

तुझी,
कमळ

---

आगरदांडा,
दि. ३० जानेवारी २०२५

चि. कमळ हिस,
अनेक आशीर्वाद.

त्यांना कळलं.

येसूबाईने मडकं दारात ठेवलं तेव्हा अजून वाफ होती. यांना भिंतीला टेकवून बसवलं. पाल्याचा वास आला तसे हे दाराकडे बघायला लागले. मी म्हटलं, हिरामणला एका दिवसाचीच रजा मिळाली, लावून येसूबाईजवळ दिली आणि तसाच गेला. यांनी मान हलवली. मी शेंग सोलली, दाणे भरवले. महिन्याभराने यांचं तोंड चावताना बघितलं. आता म्हणतील, यंदाही अळणी, म्हणून मी आधीच हसायला लागले होते.

हे काहीच बोलले नाहीत. दुसरी शेंग मागितली, तीही सावकाश खाल्ली. मग माझं मनगट धरलं आणि विचारलं, मीठ कोणी घातलं. मी म्हटलं, हिरामणने. तर नाही म्हणून मान हलवत राहिले. मग विचारलं, कधी गेला.

मी सगळं सांगितलं. आषाढ, टेम्पो, पोती, सगळं. मला वाटलं, आता हा धक्का यांनाही घेऊन जाणार, डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. हे रडले. वाकड्या तोंडाचं रडणं बघवत नाही, तरी बघत बसले. रडून झाल्यावर मला काय म्हणाले, ठाऊक आहे? माझ्यापायी तिला इतके दिवस एकटी ठेवलीस? एवढं लांब वाक्य हे चैत्रानंतर पहिल्यांदा बोलले. टिकलीचं मागितलं होतं तेव्हा मी माणसात नव्हते, एवढं धरून चाल.

पुढे अर्धी वाटी दाणे खाल्ले आणि झोपले. काल पेज घेतली. फार आशा धरू नका, असं डॉक्टर आजही म्हणाले, आणि मीही धरत नाही. पण यांनी तुला निरोप दिला आहे, तो शब्दाला शब्द लिहिते. कमळला म्हणावं, आता स्वतः ये, आणि पुढल्या खेपेला मीठ कमी घाल.

लोभ आहेच. या खेपेला तो न्यायला तूच ये.

तुझी,
सोनाताई

---

बोर्ली पंचतन,
दि. १ फेब्रुवारी २०२५

ती. सोनाताई हिस,
सा. न. वि. वि.

सोमवारी दुपारच्या फेरीबोटीने येते. कपाळ आहे तसंच असेल.

दाट पेरल्याने शेंगा कमी धरल्या, तरी एका मडक्यापुरत्या निघतील. पलीकडची ओळ तोडलेली नाही, ती वेलावरच वाळू देत आहे, पुढच्या सालच्या बियाण्याला.

आज सकाळी गोळी घेतली. तुझ्या धाकाने नाही. धक्क्यावरून बोटीत चढताना मला चक्कर येते, आणि हातात मडकं असेल.

मीठ प्रणयच्या बाबांच्या हाताने घालीन. भावोजींना सांग, तक्रार तयार ठेवा.

तुझी,
कमळ