दारातली आडवी दांडी

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. बातमी अशी, की आपली जुनी गाडी गॅरेजच्या मागून पुढे आणली आहे. मागच्या सीटखालचा पत्रा पार सडलाय. सकाळी दार उघडलं तर खिडकीतलं ऊन गाडीतून गळून खाली जमिनीवर पडलं होतं. कितीतरी वेळ मी ते ठिपके बघत उभा राहिलो. लहानपणी आपण मागे पालथे पडून त्या भोकातून पळणारा रस्ता बघायचो, आठवतं? तू सांगायचीस की ती नदी आहे, आणि मी पाय वर घ्यायचो.

बाबांचा डावा डोळा गेलाच, उजव्यालाही धुकं आहे. पुरतं अंधारायच्या आत गाडी धडधाकट उभी बघायची, हे एकच घेऊन बसलेत. त्यांचे हात थरथरतात, म्हणून वेल्डिंग माझ्या गळ्यात पडलं. शाळेत चित्रकला शिकवणारा मी. आजवर कापला तो कागद. बाजारातून आणलेला पत्रा तापला की पांढरा धूर सोडतो आणि मग दिवसभर अंगात कसकस राहते. कुठला घेऊ?

तुझा विषय काढला की बाबा अजूनही उठून हात धुवायला जातात. पण परवा आपणहून म्हणाले, बसच्या बॉड्या बांधतात त्या कारखान्यातल्या माणसांना विचार. तिथे तुझ्याशिवाय आपलं कोण आहे, ते आता तूच कळव.

लोभ आहेच, त्याला गंज लागू देऊ नये ही विनंती.

तुझा,
धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मास्तर, नाचता येईना अंगण वाकडं! तो जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आहे, छपराला घालायचा. त्याचा धूर असाच घेत राहिलास तर भिंतीवर तुझ्या चित्रांऐवजी तुझाच फोटो लागेल. साधा काळा पत्रा घे, एक मिलिमीटरचा. नाही मिळाला तर भंगारवाल्याकडे जुन्या लोखंडी कपाटाचं दार बघ. आणि एका दमात वेल्डिंगची शिवण घालू नकोस, पत्रा वाकतो. बोटभर टाका घाल, थांब, तळहात टेकवता आला की पुढचा टाका, तोही दुसऱ्या टोकाला. हे बाबांचंच शिकवणं. इथे शिवण निवायची वाट बघताना मला अजून पत्र्यावर ठेवलेला त्यांचा तळहात दिसतो.

पण झालं ते मी विसरले नाही. आठ वर्षांपूर्वी त्या गिऱ्हाईकानं माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि काम कुणाचं म्हणून विचारलं. मी समोर उभी होते, तोंडाला काजळी फासलेली. बाबा म्हणाले, मुलाचं. मुलगा तेव्हा आत बसून सूर्यास्त रंगवत होता. तुझ्यावर राग नाही रे. पण ते स्वतः बोलावत नाहीत तोवर त्या गॅरेजात मी पाऊल टाकणार नाही. आणि ते कसले बोलावतात!

डोळ्यांवर काच घेतल्याशिवाय काम करू नकोस. बाबांचं औषध वेळेवर दे, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कपाटाचं दार मिळालं. आतून कुणा मुलीनं फुलपाखराचं चित्र चिकटवलेलं होतं. खरवडायला जीव होईना, पण जळेल म्हणून सोलून काढलं आणि वहीत ठेवलं. सीटखाली आता सलग पत्रा आहे. आपली नदी बुजली म्हणून थोडं वाईटही वाटलं.

पण काल घात झाला. ड्रायव्हरच्या दाराखालची पोकळ पेटी, जिला बाबा गाडीचा उंबरठा म्हणतात, ती गंजली होती. मी ती कापून काढली आणि गाडी मधोमध बसली. आता दार लागतच नाही. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते, शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची सगळी हौस मी मातीत घातली. काय करू, ते लवकर लिही.

तुझा,
धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आता गाडीला हातही लावू नकोस. उंबरठा कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक आडवी दांडी वेल्ड करायची असते, म्हणजे गाडी बसत नाही. बाबांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच. चाळीस वर्षांत ते कधी दांडी विसरले नाहीत.

मला भीती वाटते. डोळे गेले तर हात धरता येईल, पण आठवण जायला लागली तर? पहाटे स्वप्न पडलं, गाडी पाण्यावर तरंगत चाललीय, बाबा आत बसलेत आणि मला ओळखत नाहीत. तेव्हापासून माझ्या शिवणी वाकड्या येतायत. त्यांना सरळ विचार, दांडी कशाला असते ते आठवतं का. जे म्हणतील ते तसंच्या तसं कळव, माझ्यासाठी गोड करू नकोस.

तुझी,
ताई

९ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळीवर राहत नाही, समजून घे. धाकट्यानं तुझा प्रश्न विचारला. मला सगळं आठवतं. दांडी माझ्या पायाशीच पडली होती. मी स्टूल पुढे ओढलं आणि तिच्यावर पाय ठेवून बसलो. तो कापत होता आणि मी ऐकत होतो. बसलेली गाडी सरळ करणारं माणूस आपल्या घरात एकच आहे, हे मला ठाऊक होतं. तुला ये म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून त्याच्या हाताने गाडी मोडू दिली. धाकट्याला आज हे सांगितलं. तो उठून बाहेर गेला, दोन तासांनी चहा घेऊन आला.

ते गिऱ्हाईक गेल्या महिन्यात आलं होतं, त्याच गाडीतून. मी तुझी शिवण बोटांनी चाचपली. कुठे गंज नाही, कुठे खड्डा नाही. हे माझ्या मुलीचं काम, असं त्याला सांगितलं. आठ वर्षं उशीर झाला. तेव्हा मला लाज वाटली होती, आणि आता त्या लाजेची लाज वाटते.

तू ये. एक मिलिमीटरचा चांगला पत्रा मिळाला तर आण, नाही तर तशीच ये. फक्त दुपारच्या आत पोच. उन्हात मला अजून माणसाचा चेहरा दिसतो.

बाबा